चमकी, गुडघा आणि चार मैदानं

मुंबईला जाताना माणसं डबा भरून नेतात. मी रिकामा करून नेला. स्टीलचा, मसाल्याचा, सात वाट्यांचा. हळद, तिखट, मोहरी, धणेपूड सगळं बरण्यांत ओतलं, वाट्या घासून उन्हात ठेवल्या आणि डबा बॅगेत साड्यांच्या घडीत बसवला. हे कुठे घेऊन चाललीस, असं घरच्यांनी विचारलं. म्हटलं, फुटबॉलला.

कारण केतकीचा फोन. केतकी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. जन्म कांदिवलीतला, लग्नही कांदिवलीतच, चार गल्ल्या सोडून. फुटबॉलमध्ये फॉरवर्ड. म्हणजे जिचं काम गोल करणं, आणि नाही झाला तर सगळ्यात आधी शिव्या खाणं.

"मावशी, चार मॅच आहेत. बेंचवर एक बाई लागतेच, तसा नियम आहे. आमच्या मॅनेजर मॅडम लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्यात. तू येशील?"

"काय करायचं असतं?"

"काही नाही गं. बसायचं. पाण्याच्या बाटल्या बघायच्या, आणि सगळ्यांचे दागिने सांभाळायचे. खेळताना अंगावर काही चालत नाही ना."

कॉलेजच्या ऑफिसात आयुष्य काढलेल्या बाईला 'काही नाही' हे काम सांगणं म्हणजे अपमान. मी रजा टाकली, नियमांची पुस्तिका मागवून वाचली आणि याद्या केल्या. फुटबॉल मला नवा नाही. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत. माझा भाऊ तालमीच्या टीमकडून खेळायचा आणि आम्ही मुली मैदानाशेजारच्या गच्चीवरून ओरडायचो. खाली उतरायची सोय नव्हती. ऑफसाइड मला तेव्हापासून कळतो.

कांदिवली

केतकीच्या घरी पोचले तेव्हा तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, घावणे घालत होत्या. मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, मुलगा अंधेरीत ऑफिसात. लाल मातीचं गाव सोडून पन्नास वर्षं झाली असतील, पण बोलणं अजून तिथलंच.

"येवा, विहीणबाई! हात धुवा, बसा. गरम आसत तवसर खावा."

जाळीदार पांढरे घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. चव उत्तम. पण कोल्हापूरच्या जिभेला वाटतं, आता मागून तिखट येईल. ते येतच नाही. मी बॅगेतून कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढली. विहीणबाईंनी ती पाहिली.

"तुमी सगळ्यात तिखट घालतास, आमी खोबरा. भांडाक कित्याक होया? घाला, घाला. माझ्या सांबाऱ्याक राग येवचो नाय."

तेवढ्यात केतकी शाळेतून आली. ती पीटी शिकवते. आली, पाया पडली, आणि मला दिसली नाकातली चमकी. टपोरी, लाल खड्याची. नाकपुडी खड्याहून लाल.

"हे कधी?"

"गेल्या आठवड्यात," केतकी हसत म्हणाली. हसताना तिचा एक डोळा बारीक झाला.

मग विहीणबाईंनी कथा सांगितली. त्यासाठी केतकीचं खेळणं थोडं सांगायला हवं. अकराव्या वर्षी बिल्डिंगमागच्या मैदानात मुलांबरोबर सुरुवात. पहिले बूट मी कोल्हापूरहून पाठवलेले, भावाचे जुने, पुढे चिंध्या कोंबून. मग शाळेची टीम, जिल्हा, राज्य, एकदा भारताच्या ज्युनियर शिबिरापर्यंत मजल. तिथे शेवटच्या यादीत नाव नाही. मग एका क्लबकडून एक चांगला सीझन, आणि त्याच सीझनच्या शेवटी गुडघ्यातली शीर तुटली. ऑपरेशन. लग्न नुकतंच झालेलं. नवी सून कुबड्यांवर.

तेव्हा एक वर्षभर विहीणबाईंनी तो गुडघा सांभाळला. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्या भिंतीवर कागद चिकटवून, मोजून करून घ्यायच्या. तेल लावायच्या, बकऱ्याच्या पायाचं सूप पाजायच्या, जिना उतरवायच्या, चढवायच्या. आणि गावच्या देवीला गाऱ्हाणं घातलं होतं: गुडघा धड झाला, पोर परत मैदानात उतरली, तर नाकात नथ घालून तिला तुझ्या दारात ओटी भरायला आणीन. केतकीचं नाक टोचलेलं नव्हतं. गुडघा बरा झाला. सोनाराने नाक टोचलं. जत्रा पुढच्या महिन्यात.

"गुडघ्यासाठी नाक," मी म्हटलं.

"देवीकडे हिशोब सगळो एकच," विहीणबाई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघरात गेल्यावर मी केतकीला नियम ऐकवला. कुठलाही दागिना चालत नाही, पट्टी लावून झाकलेलाही नाही. तो मी दोनदा वाचला होता.

"माहितीय गं. पण ती फिरकीची आहे, आत सुजलंय, निघत नाही. आणि काढली तर भोक दोन दिवसांत बुजेल. जत्रेला काय दाखवू? आईंनी वर्षभर माझ्यासाठी... मावशी, प्लीज. त्यांना काही बोलू नकोस. शपथ."

मी शपथ घेतली नाही. पण बोललेही नाही.

अंधेरी

इथे एक गोष्ट कोल्हापूरहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. आमच्याकडे मैदान हे गावाच्या मधोमध असतं आणि गाव त्याच्याभोवती उभं राहतं. अंधेरीत मैदान सापडावं लागतं. काचेच्या इमारती, एमआयडीसीचे गाळे, एका गेटसमोर मेकअप उतरवायच्या आत वडापाव खाणारे दोन पोलीस (खोटे, शूटिंगचे), त्याच्यामागे अचानक हिरवं मैदान. रिक्षावाला म्हणाला, "ये लेडीज का मॅच है? अच्छा है, कोई तो खेल रहा है."

मुली जमल्या. कोच मेल्विन सर, पन्नाशीचे, शिट्टी गळ्यात आणि चिंता कपाळावर. मी डबा उघडला. मधल्या वाटीत कॅप्टनचं, भोवतीच्या वाट्यांत दोघी-दोघी, तिघी-तिघींचं. माहुलची गोलकीपर निकिता हिने कानातले काढून दिले आणि वास घेतला.

"मॅनेजर मॅडम, याला मोहरीचा वास येतो."

"तुझं फोडणीत टाकणार नाही. आण इकडे."

केतकीने मंगळसूत्र आणि अंगठी हळदीच्या वाटीत टाकली. कितीही घासली तरी ती वाटी पिवळीच. नाकावर तिने कातडीच्या रंगाची पट्टी लावली होती. मेल्विन सरांनी विचारलं तर म्हणाली, "पिंपल." त्या दिवशीचे पंच वयस्कर होते, चष्मा घरी विसरलेले असावेत. पट्टी चालून गेली.

खेळ मात्र चालला नाही. पायात बॉल असला की केतकी जुनीच. वळण, वेग, सगळं जागेवर. पण बॉल उंचावरून आला की ती मान फिरवायची. उजवीकडून तीन सुंदर क्रॉस आले. फॉरवर्डने त्यावर झेप घ्यायची असते. केतकी तिन्ही वेळा अर्धी उडाली आणि चेहरा वाचवून उतरली. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

दागिने परत देताना निकिता कुजबुजली, "केतकीला झालंय काय? आधी तर डोक्याने भिंत पाडायची."

मला माहीत होतं काय झालंय. हे माहीत असणं फार गैरसोयीचं होतं.

मुलुंड

मुलुंडला डोंगर आहेत. मुंबईत डोंगर असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मैदानाच्या टोकाला सरळ हिरवी भिंत उभी आणि सकाळी तिथून गार वारा येतो. मला पंचगंगेचा काठ आठवला. स्टेशनबाहेर गुजराती फरसाणवाल्याकडे ढोकळा मागितला, तर त्याने वर साखरेचं पाणी ओतलं. मी म्हटलं, मिरची द्या. त्याने तळलेली मिरची दिली. तीही गोड होती. या गावाला समजावून सांगण्यात अर्थ नाही.

मेल्विन सरांनी केतकीला बेंचवर बसवलं. शेवटी थोडा वेळ उतरवलं. पहिलाच उंच बॉल, परत मान फिरली. आम्ही दोन-एकने जिंकलो, गोल दुसऱ्यांनी केले. केतकी टाळ्या वाजवत होती आणि कोणाकडे बघत नव्हती.

सामना संपल्यावर मेल्विन सर माझ्याजवळ येऊन बसले.

"मॅडम, तुम्ही घरच्या ना. एक बोलू? घाटकोपरच्या मॅचला बाहेरच्या क्लबच्या एक बाई येतायत. मोठ्या लीगची टीम आहे. फॉरवर्ड शोधतायत. केतकीसाठीच बोलावलंय मी त्यांना."

"मग चांगलंच की."

"काय चांगलं? तिच्या गुडघ्यात भीती बसलीय. ऑपरेशननंतर होतं असं, पाय बरा होतो पण डोकं बरं होत नाही. त्या मला विचारणार, ही फिट आहे का. मी खोटं नाही बोलणार यार. अठ्ठावीस वर्षांची आहे ती. परत कोण बघायला येणार हिला?"

मी ढोकळ्याचा कागद घडी घालून ठेवला. उलगडला. परत घडी घातली. मग केतकीला गाठलं.

"सांग त्यांना. गुडघा नाही, नाक आहे म्हणावं."

"आणि ते म्हणतील काढ. मग आईंना काय सांगू?"

"ते मी सांगते."

"तू त्यांना ओळखत नाहीस, मावशी. त्या रागावणार नाहीत. गप्प बसतील. ते जास्त वाईट."

घाटकोपर

विहीणबाईंनी जाहीर केलं की या मॅचला त्या येणार. सून कोणीतरी बघायला येणार आहे म्हणतात, मग सासू नको? अंधेरीहून मेट्रो पकडली. मी ठरवलं होतं, घाटकोपर यायच्या आत यांना सगळं सांगायचं. मुद्देही काढले होते. एक, नियम. दोन, सूज. तीन, मेल्विन सर.

विहीणबाईंनी पहिल्याच स्टेशनाला पर्समधून मखमली डबी काढली. आत नथ. मोत्यांची, जुनी, त्यांच्या सासूची.

"माका मुलगी नाय. ही कोणाच्या नाकात जातली म्हणान रडलंय मी एकदा. आता बघा देवीन कसा केल्यान."

मी मुद्दे पर्समध्येच ठेवले. घाटकोपर आलं.

घाटकोपरचं मैदान विमानांच्या वाटेखाली आहे. दर थोड्या वेळाने एक विमान एवढं खाली येतं की चाकं मोजावीत. तेवढा वेळ सगळं मैदान मुकं होतं: कोच हातवारे करतो, खेळाडू तोंड हलवतात, कोणाला काही ऐकू येत नाही. विमान गेलं की सगळ्यांचं ओरडणं मधूनच सुरू होतं. टोपी घातलेल्या एक उंच बाई कठड्याजवळ हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्याच त्या.

आणि आज पंच तरुण मुलगी होती. रांगेत प्रत्येकीचे कान, मनगटं, बुटांचे खिळे तपासत आली. केतकीपुढे थांबली.

"पट्टी काढा."

"मॅडम, पिंपल..."

"पिंपल बघू."

पट्टी निघाली. उन्हात चमकी चमकली.

"हे काढल्याशिवाय मैदानात पाऊल नाही. मॅनेजर कोण?"

मी हात वर केला. नियम मला पाठ होता, त्यामुळे वाद घालायचीही सोय नव्हती.

"वाट लागली," निकिता म्हणाली आणि गोलकडे पळाली.

पहिला हाफ आम्ही बेंचवर एका नाकाशी झुंजत काढला. साबण लावला, पाणी लावलं. फिरकी आत रुतलेली, हात लावला की केतकीच्या डोळ्यांतून धारा. मेल्विन सर मैदान सोडून आमच्याकडेच बघत होते. तिकडे एक गोल बसला, आमच्यावर.

"म्हणजे हे होतं?" ते म्हणाले. "हेडिंग यामुळे? मला वाटलं गुडघा!"

हे ते ओरडून म्हणाले, कारण विमान येत होतं. पण विमान जरा आधीच पुढे गेलं आणि शेवटचा शब्द साऱ्या मैदानाला ऐकू गेला.

विहीणबाई कठड्याशी उठून उभ्या राहिल्या. इतका वेळ त्यांना आमच्या पाठीच दिसत होत्या.

"कोणाचो गुडघो? काय झाला गुडघ्याक?"

"काही नाही आई, तुम्ही बसा," केतकी म्हणाली.

"तुका नाय विचारणंय मी. ओ मास्तर! काय म्हणालास गुडघ्याक?"

मेल्विन सर कठड्यापाशी गेले आणि सरळ माणसासारखं सरळ सांगितलं: केतकी उंच बॉल टाळते, मला वाटलं गुडघ्याची भीती आहे.

"भीती? त्या गुडघ्याक?" विहीणबाईंचा आवाज पुढच्या विमानाच्याही वर गेला. "वरीसभर चोळलंय मी तो! माझ्या हातचो गुडघो तो, मास्तर! तुमचे दोन्ही मोडतीत, पण तो मोडूचो नाय!"

"मग ते नाक..." मी मधे पडले. मुद्दे तयारच होते. नियम, सूज, मास्तर, सगळे एका दमात सांगितले.

विहीणबाई गप्प झाल्या. केतकी म्हणाली होती तशाच. त्यांनी सुनेकडे बघितलं. केतकी खाली मान घालून बूट बघत होती.

"दुखता तर माका सांगूचा नाय?"

"तुम्ही एवढा नवस... जत्रेपर्यंत सहन केलं असतं मी."

"हय ये."

केतकी कठड्याला टेकली. विहीणबाईंनी पर्समधून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली. ती त्यांच्याजवळ वर्षभर असायचीच, गुडघ्यासाठी. एक थेंब नाकाच्या बाहेरून, एक आतून. डाव्या हाताने डोकं धरलं.

"आई, पण देवी..."

"नाक तुझा. गाराणा माझा. तिका काय सांगूचा ता मी सांगान. देवी काय रेफरी नाय, शिटी मारूक."

बोलता बोलता त्यांनी फिरकी फिरवली. केतकी किंचाळली, विमान आलं, आणि विमान गेलं तेव्हा चमकी विहीणबाईंच्या तळहातावर होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी डबा उघडला. हळदीची वाटी.

दुसऱ्या हाफला केतकी उतरली. पहिला क्रॉस आला आणि ती अशी उडाली की मी बाटल्या सोडून उभी राहिले. पूर्ण अंग आडवं, कपाळ बॉलवर. बॉल वरच्या दांडीवर आदळून परत आला. टोपीवाल्या बाईंनी हाताची घडी सोडली.

गोल मात्र वेगळाच झाला. त्याचं वर्णन करताना मला संकोच वाटतो. कोपऱ्यावरून बॉल आला, समोरच्या गोलकीपरने ठोसा मारला आणि तो बॉल समोर उभ्या केतकीच्या तोंडावर आला. जवळून, जोरात. ती हलली नाही. मान फिरवली नाही. बॉल तिच्या नाकावर आपटला आणि तसाच जाळीत गेला.

नाकाने गोल. आमच्या पेठेत याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला असता.

मुली तिच्या अंगावर पडल्या. उठली तेव्हा नाकातून रक्त. पंच मुलीने तिला बाहेर काढलं, तोही नियम आहे, आणि मी कापूस घेऊन तयार होते, तो यादीत होता. केतकी कापूस धरून खदखदा हसत होती.

"दुखतंय?" मी विचारलं.

"खूप! मस्त दुखतंय!"

कठड्यावरून आवाज आला, "बघितलास मास्तर, गुडघो?"

एक-एक बरोबरी. टोपीवाल्या बाई शेवटची शिट्टी वाजायच्या आधीच निघाल्या. मेल्विन सरांशी दोन शब्द, केतकीशी एकही नाही. बाहेरच्या गाडीवर त्यांनी चीज डोसा घेतला आणि तो खातच रिक्षात बसल्या. आम्ही सगळ्यांनी हे पाहिलं आणि बाटल्या गोळा करायला लागलो.

बोरिवली

शेवटच्या सामन्यात बरोबरी चालत नव्हती. आम्ही हरलो. पेनल्टीवर. केतकीने तिची मारली, बाकी दोघींच्या चुकल्या. निकिताने रडून घेतलं आणि मग माहुलहून आणलेली जवळ्याची चटणी सगळ्यांना भाकरीबरोबर वाढली. चटणी खाताना मात्र मला पहिल्यांदा वाटलं, या शहरात कोणीतरी तिखट जाणतं.

नाकाचं भोक बुजत आलं होतं. मला निरोप द्यायला बस सुटते तिथपर्यंत विहीणबाई आल्या. त्यांनी तोडगा काढला होता: दाबाची नथ. भोक लागत नाही, चिमट्यासारखी नाकावर बसते.

"देवीला चालेल?" मी विचारलं.

"तिका सांगितलंय. दर्शन घेवक ती येतली, नाक घेवन येतली. भोक कशाक होया?" मग म्हणाल्या, "त्या टोपयेवाल्या बायचा काय कळला?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा दिला. "हेच्यात तिखट घालू नकात हां."

कोल्हापूर

घरी आल्यावर पहिलं काम सामान जागेवर लावणं. कपडे, याद्या, औषधं. शेवटी मसाल्याचा डबा. बरणीतली हळद वाटीत ओतणार, तर वाटीच्या तळाशी, पिवळ्या डागात चिकटून, लाल ठिपका. चमकी. घाटकोपरला रक्त आणि गोलाच्या गडबडीत मी केतकीला मंगळसूत्र दिलं, अंगठी दिली, यादीवर खूण केली आणि हिला विसरले. बोरिवलीला मंगळसूत्राखाली ती कोणाला दिसलीच नाही.

मी लगेच फोन लावला.

"अगं, तुझी चमकी माझ्याकडे आली. कुरियरने पाठवते. विहीणबाईंना सांग, हरवली नाही."

पलीकडे थोडा वेळ नुसता गोंगाट. कोणीतरी ओरडत होतं, "विहीणबाय आसत काय? माका दे, माका दे!" मग केतकीचा आवाज, दम लागल्यासारखा.

"नको पाठवूस, मावशी. तिथेच ठेव. टोपीवाल्या बाईंचा सीझन संपेपर्यंत लागणार नाही."

सध्या आमच्याकडे हळद बरणीतच आहे.